आठला घरी आलं की फक्त फोडणी उरावी

प्रश्न थोडक्यात असा आहे: ठाण्यात राहणारं कुटुंब, नवरा-बायको दोघं नोकरीला, आठ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. बाई रात्री आठला घरी पोचतात. पावसाळा सुरू झाल्यापासून सगळ्यांना गरम, मऊ, पोटाला बरं वाटेल असं काहीतरी हवं असतं. रविवारी आठवड्याचा स्वयंपाक करून फ्रीजमध्ये भरायचा प्रयोग केला, तो दोन आठवड्यांत बंद पडला. आता आठवड्यातून तीनदा बाहेरून मागवतात आणि मागवलं की वाईट वाटतं. "सासूबाईंना दात नाहीत, मुलाला भाजी दिसली की नको असते, आणि मला उभं राहवत नाही. काय करू?"

ताई, मी डोंबिवलीत बावीस वर्षं पोळीभाजी केंद्र चालवलं. सकाळी साठ-सत्तर डबे, संध्याकाळी काउंटर. संध्याकाळच्या लोकलने उतरणाऱ्या बायका पोळ्या न्यायला यायच्या, तेव्हा मला वाटायचं यांना वेळ नसतो म्हणून येतात. पुढे गप्पांमधून कळलं की पोळ्या नेल्यावर घरी जाऊन बऱ्याच जणी वरण-भात, भाजी, कोशिंबीर सगळं करतातच. म्हणजे स्वयंपाकाचा त्यांना कंटाळा नव्हता. दमून आल्यावर शून्यावरून सुरुवात करायची, आधी काय करायचं ते ठरवायचं, मग निवडायचं, चिरायचं, भिजवायचं, याने जीव जायचा. कणीक मळलेली नाही एवढ्या एका कारणासाठी घराघरांत किती वेळा बाहेरचं आलं असेल!

म्हणून माझं सांगणं एकच आहे. रात्री स्वयंपाक करायचाच नाही, फक्त फोडणी द्यायची. बाकीचं सगळं सकाळी, आदल्या रात्री, किंवा मे महिन्यात होऊन गेलेलं असलं पाहिजे.

रविवारचा तुमचा प्रयोग का फसला ते आधी सांगते, म्हणजे तुम्ही स्वतःला दोष देणार नाही. शिजवलेली भाजी चौथ्या दिवशी भाजी राहत नाही. बटाटा फ्रीझरमध्ये गेला की स्पंजासारखा होतो, भेंडीचं काय होतं ते बोलायलाच नको. आणि आपल्याकडे जेवणाचा अर्धा आनंद फोडणीच्या वासात असतो. मुलगा अभ्यास करत असतो, मोहरी तडतडते, हिंगाचा वास येतो आणि तो "आज काय?" विचारत आत येतो. मायक्रोवेव्हच्या टिंग आवाजाला कोणी आत येत नाही. शिवाय पावसाळ्यात वीज गेली की फ्रीझरमधला आठवड्याचा स्वयंपाक घेऊन बसायचं कुठे? मी फ्रीझरला तीनच गोष्टी देते: खोवलेलं खोबरं, कांदा-खोबऱ्याचं भाजलेलं वाटण (छोट्या डब्यांत, एका डब्यात एका वेळचं) आणि जानेवारीत सोललेले मटार. रविवारचा तास घालवायचाच असेल तर तो वाटणावर आणि पालेभाजी निवडण्यावर घालवा. शिजवू नका.

आता सकाळ. तुमच्याकडे डब्यासाठी कुकर लागतच असणार. त्यात तुरीची डाळ दुप्पट लावा. चार माणसांना एका वेळेला पाऊण वाटी लागत असेल तर दीड वाटी. हळद, हिंग आणि थेंबभर तेल, बस. मीठ, आमसूल, टोमॅटो काही घालायचं नाही. आंबट आधी गेलं की डाळ चामट राहते, कितीही शिट्ट्या करा. इमारतीला बोअरचं पाणी असेल तरी असंच होतं. तेव्हा चिमूटभर सोडा घालावा लागतो. शिजली की अर्धी डाळ सकाळच्या आमटीला, अर्धी रात्रीसाठी डब्यात.

हा डबा गार कसा करायचा यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण यात मी स्वतः मार खाल्ला आहे. केंद्र सुरू करून दोन-तीन वर्षं झाली होती. जून महिना, दमट हवा. सकाळी नऊला शिजवलेला भात मोठ्या पातेल्यात झाकून तसाच राहिला, आणि संध्याकाळी मी तो चांगला वाफवून, गरमागरम फोडणीचा भात करून विकला. वास नव्हता, चव बिघडली नव्हती. रात्री तीन घरांतून फोन आले, उलट्या होताहेत म्हणून. नंतर एका डॉक्टरांनी समजावलं: भातातल्या एका जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, भात तासन्‌तास कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. तेव्हापासून माझा नियम आहे, शिजलेलं दोन तासांत फ्रीजमध्ये. सकाळच्या घाईत गार व्हायची वाट कोण बघणार, म्हणून परातीत थंड पाणी घ्यायचं, त्यात पसरट डबा ठेवायचा, दोनदा ढवळायचं. आंघोळ आटपेपर्यंत डबा हाताला गार लागतो. खोल पातेलं तसंच आत ढकललं तर मधला भाग दुपारपर्यंत कोमटच राहतो.

तर आता रात्रीचे आठ वाजले आहेत आणि तुमच्याकडे घट्ट वरणाचा डबा आहे, आणि सकाळच्या पोळ्यांची उरलेली कणीक आहे. (कणीक रोज दोन पोळ्यांची जास्त भिजवायची, ही सवय लावा.) पावसाळ्यात यातून करायचं ते वरणफळं. सोलापूर-मराठवाड्याकडे चकोल्या म्हणतात.

पातेल्यात दोन चमचे तेल, मोहरी, जिरे, हिंग, सात-आठ लसूण पाकळ्या ठेचून, कढीपत्ता, एक सुकी मिरची. लसूण कडेने लाल व्हायला लागला की पाच वाट्या पाणी ओता आणि आधण येऊ द्या. तोवर फ्रीजमधली डाळ बाहेर काढा. ती वडीसारखी घट्ट बसलेली असते, घाबरू नका. कपभर गरम पाणी घालून रवीने घुसळली की सारखी होते. ती आधणात ओता. दीड चमचा गोडा मसाला, तिखट, मीठ, तीन-चार आमसुलं, सुपारीएवढा गूळ, असले तर मूठभर शेंगदाणे. आमटी तुम्हाला फार पातळ वाटली पाहिजे. वाटली नाही तर अजून वाटीभर पाणी घाला.

कणकेला हळद, तिखट, ओवा चोळून पुन्हा मळा आणि थोडी कोरडी कणीक लावून घट्ट करा. पोळीपेक्षा जरा जाड लाटा. शंकरपाळ्यासारखे काप करायचं काम मुलाला द्या. वाकडे झाले तरी शिजतात, आणि मूल स्वतः कापलेलं टाकत नाही. आमटी रटरटत असताना काप एकेक करून सोडायचे, मूठभर एकदम टाकले की गोळा होतो. टाकल्यावर मिनिटभर पळी लावू नका. वर आले की मग हलक्या हाताने ढवळा. मध्यम आचेवर दहा मिनिटं. काप कडेला जरा पारदर्शक दिसतो आणि कच्च्या कणकेचा वास जाऊन आमटीचाच वास उरतो, तेव्हा झालं. एक काप तोडून बघा, मध्ये पांढरी रेघ दिसता कामा नये. ताटलीत वाढल्यावर ती आणखी रस पितात, म्हणून गॅस बंद करताना रस्सा सैल हवा. वर तूप. सासूबाईंसाठी त्यांचा वाटा पाच मिनिटं जास्त शिजवा, दाताशिवाय खाता येतात. पोळी, भाजी, वरण असे वेगळे प्रश्नच उरत नाहीत. मी घड्याळ लावून बघितलं आहे, पंचवीस ते तीस मिनिटं लागतात, आणि त्यातली दहा तुम्ही खुर्चीत बसू शकता.

रोज वरणफळं खाणार नाही हे मलाही कळतं. म्हणून कोरड्या डब्यांची फळी. माझ्या माहेरी, संगमेश्वराकडे, पावसात चार-चार दिवस बाजार बंद असायचा. तेव्हा आई फळीवरचा एकेक डबा काढायची: कुळथाचं पीठ, भाजणी, मेतकूट, सांडगे, आमसुलं. आज शहरात आपण त्याला रेडी टू कुक म्हणून पैसे मोजतो. याची खरी किंमत मला 26 जुलै 2005 च्या पुरात कळली. लोकल बंद, भाजीचा टेम्पो आलेला नाही, आणि आमच्या चाळीत-सोसायटीत अडकून पडलेली माणसं. केंद्रात तांदूळ, मुगाची डाळ आणि भाजणीचा मोठा डबा होता. दोन दिवस खिचडी आणि थालीपिठं यांवर निघाले, आणि लोक आजही त्या खिचडीची आठवण काढतात. साधीच होती. भूक होती आणि गरम होती, एवढंच.

कुळथाची पिठी तुमच्या मुलाला लगेच आवडेल असं मी म्हणणार नाही. तिचा रंग मातकट असतो आणि मुलं डोळ्यांनी जेवतात. पण पावसात भिजून आलेल्या माणसाला तिच्याएवढं काही लागत नाही. चार मोठे चमचे पीठ गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवायचं. तेलात मोहरी, हिंग, भरपूर लसूण, हिरवी मिरची. चार वाट्या पाणी, दोन आमसुलं, मीठ. उकळी आली की कालवलेलं पीठ ओतायचं आणि कढ येईपर्यंत पळी थांबवायची नाही, नाहीतर तळाला लागते. सहा-सात मिनिटं उकळली की वरून खोबरं, कोथिंबीर. गरम भातावर ओतायची. पहिल्या दिवशी मुलाला भात-तूप-मेतकूट द्या आणि बाप पिठी भुरकतोय ते त्याला बघू द्या. तिसऱ्या वेळेला तो स्वतःच मागतो, हा माझ्या दोन्ही मुलांचा अनुभव आहे.

मेतकुटाचं नाव निघालंच आहे तर गुरगुट्या भात. सासूबाईंसाठी आठवड्यातून दोन रात्री हाच असू दे. तांदूळ एक वाटी, मुगाची डाळ अर्धी वाटी, पाणी पाच-सहा वाट्या, आणि कुकरला शिट्ट्या झाल्यावर मंद आचेवर पाच मिनिटं. आंबेमोहर किंवा कुठलाही बुटका, चिकट तांदूळ घ्या. यासाठी बासमती वापरणं म्हणजे पैठणी नेसून भांडी घासणं. वर मेतकूट, तूप, लिंबाच्या लोणच्याची फोड. आणि हे आजाऱ्याचं जेवण म्हणून वाढू नका, सगळ्यांनीच खा. एकट्या सासूबाईंच्या ताटात वेगळं आलं की त्यांनाही ते पथ्य वाटायला लागतं.

ऋतूचं म्हणाल तर तो तुमचं ठरवण्याचं काम वाचवतो, हा त्याचा मोठा उपकार. बारा महिने फ्लॉवर आणि सिमला मिरची आणणाऱ्याला रोज विचार करावा लागतो. पावसाळ्यात मी मेथी, पालकाच्या मागे लागत नाही. चिखल असतो, जुडी आतून सडलेली निघते, निवडायला अर्धा तास जातो. दोडका, दुधी, पडवळ, घोसाळं, भेंडी आणि कारलं. चिरायला दहा मिनिटं आणि शिजायला दहा. दोडक्याच्या शिरा फेकू नका, तीळ आणि सुकं खोबरं घालून कुरकुरीत परतल्या की चटणी होते. मुलाला भाजी दिसायला नको असेल तर दुधी किसून थालीपिठात जाऊ दे. तुमच्या ठाण्यात जून-जुलैत आदिवासी बायका टाकळा, कुर्डू, फोडशी, करटोली अशा रानभाज्या घेऊन स्टेशनबाहेर बसतात. टाकळा कोवळा असेल तर आणाच, मुगाची डाळ आणि कांदा घालून परता. शेवळं ही रानभाजी मात्र कामाच्या दिवशी करू नका. ती खाजरी असतात, काकडं (आंबट रानफळं) किंवा चिंच घालून, नीट साफ करून शिजवावी लागतात, आणि चुकलं तर सगळ्यांचा घसा धरतो. विकणारीला विचारायला लाजू नका, मी अजूनही विचारते.

मासे खात असाल तर 1 जूनपासून बोटी बंद होतात, तेव्हा सुकट आणि सुके बोंबील हेच पावसाळ्याचं. सुकट कोरडी भाजून, धुऊन, कांद्यावर परतली की पंधरा मिनिटांत भाकरीबरोबर जेवण. शेजाऱ्यांचं काय ते तुम्ही बघा. न खाणाऱ्यांसाठी सांडगे आहेत: तेलात लालसर तळायचे, वाटणाचा एक डबा, पाणी, मीठ, पंधरा मिनिटं उकळायचं. उन्हाळ्यात बचत गटाच्या बायका घरोघरी विकतात, तेव्हा किलोभर घेऊन ठेवायचे.

हिवाळा हा आळशी माणसाचा ऋतू आहे, चव आपोआप येते. पावटे, वालपापडी, ओले हरभरे, गाजर, वांगी. सगळं एकत्र करून तिळाच्या कुटात शिजवलं की भोगीची भाजी, आणि ती भोगीलाच करावी असा काही कायदा नाही. बाजरीची भाकरी येत नसेल तर थंडीत शिकून घ्या. पीठ मात्र थोडंच दळून आणा, दहा-पंधरा दिवसांचं. बाजरीत तेल असतं, पीठ लवकर खवट होतं, आणि मग लोक म्हणतात बाजरी कडू असते. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाल्यापासून तीच बाजरी चकचकीत पाकिटात, दुप्पट भावाने मिळते. तारीख बघा, कोपऱ्यावरच्या गिरणीतलं पीठ बहुतेक वेळा ताजं असतं.

उन्हाळ्याचं मी फार सांगत नाही. शेगडीजवळ कमीत कमी उभं राहायचं. कैरीची डाळ, दहीभात, ताक, आणि आमरस-पोळी असली की दुसरं काही करायचं नाही, अगदी पाहुणे असले तरी. उन्हाळ्याचं खरं काम पुढच्या चार महिन्यांची फळी भरणं.

आता नवऱ्याचं. तुम्ही लिहिलंय, "ते मदत करतात, पण सांगावं लागतं." सांगण्यातच निम्मा शीण जातो. त्यांना मदत मागू नका, एक खातं देऊन टाका. सकाळचा कुकर त्यांचा. डाळ किती, तांदूळ किती, डबा परातीत गार करून फ्रीजमध्ये कधी गेला, सगळं त्यांच्याकडे. पहिल्या आठवड्यात एकदा डाळ करपेल, एकदा कुकरमध्ये पाणी घालायचं राहील. स्वयंपाकघरात जाऊ नका. माझ्या यजमानांनी केंद्राची डाळ पंधरा वर्षं लावली. पहिल्या महिन्यात दोन व्हॉल्व्ह उडाले होते.

आणि बाहेरून मागवण्याबद्दल वाईट वाटून घेणं बंद करा. मी स्वतः पोळीभाजी विकून जगले, मी कोणत्या तोंडाने नको म्हणू? फक्त सकाळीच ठरवून मागवा. शुक्रवार म्हटलं की शुक्रवार. आठ वाजता हताश होऊन मागवलेलं महागही पडतं आणि गोडही लागत नाही.

सुरुवात भाजणीपासून करा, कारण तिला फ्रीजही लागत नाही. माझं प्रमाण: ज्वारी, बाजरी, तांदूळ प्रत्येकी अर्धा किलो, हरभऱ्याची डाळ आणि सालासकट उडीद पाव-पाव किलो, गहू आणि धणे प्रत्येकी 100 ग्रॅम, जिरे 25 ग्रॅम. प्रत्येक धान्य वेगळं, मंद आचेवर भाजायचं. उडीद सगळ्यात शेवटी, कारण त्याचा वास सुटला की दुसरं काही कळत नाही. पूर्ण गार करून जरा भरड दळायचं. गरम असताना दळलं तर पिठाला घाम येतो आणि महिन्यात जाळी धरते. विकत घेणार असाल तर छोटं पाकीट आणा आणि उघडून हुंगा. धणे-उडदाचा वास यायला हवा, जुन्या तेलाचा नव्हे.

थालीपिठासाठी कांदा चिरून सकाळी डब्यात ठेवा. रात्री भाजणीत कांदा, तिखट, मीठ, चमचाभर तेल घालून कोमट पाण्याने सैलसर भिजवा. सासूबाईंच्या वाट्याची भाजणी कोरडीच वेगळी काढा, तीत काकडी किसून घाला आणि पाणी वेगळं घालू नका, काकडीचंच पुरतं. गार तव्यावर तेल लावून तिथेच थापा, मध्ये बोटाने भोकं पाडा, भोकांत तेल सोडा, मग गॅस पेटवा आणि झाकण ठेवा. दुसऱ्या थालीपिठाला तवा गरम असतो, तेव्हा ओल्या फडक्यावर थापून वर उलटं घालायचं आणि फडकं अलगद सोडवायचं. सासूबाईंचं झाकणाखालीच, मंद आचेवर होऊ द्या. मऊ राहतं. मुलाचं उलटल्यावर झाकण काढून कडा खरपूस होऊ द्या. वर लोण्याचा गोळा. तो कडा आधी खाईल.